मॉन्स्टेरासाठी कुंडी निवडताना

मॉन्स्टेरा ही दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पावसाळी जंगलांत झाडांच्या खोडांना धरून वर चढणारी वनस्पती असल्याने तिच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते, आणि कुंडी घेताना मी सर्वांत आधी हाच विचार करते. नवी कुंडी जुनीपेक्षा व्यासाने २ इंचांहून अधिक मोठी नसावी. कारण जिथे मुळे पोहोचलेली नसतात तिथल्या मातीतले पाणी शोषले जात नाही, माती चिंब राहते आणि मुळे कुजू लागतात. रोप अलगद बाहेर काढून पाहावे: निरोगी मुळे टणक असतात, तर कुजलेल्या मुळांची साल बोटांनी दाबताच सुटून येते.

भाजलेल्या मातीची कुंडी बाजूंनीही ओलावा बाहेर टाकते, म्हणून मुंबईच्या दमट हवेत मला तीच योग्य वाटते. चिनी मातीची कुंडी कितीही आवडली, तरी तळाला भोक नसेल तर घेऊ नये. तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारतो हा समजही चुकीचा आहे. पाणी खड्यांच्या वरच्या मातीतच अडून राहते. मॉस स्टिक, म्हणजे रोपाला वर चढायला आधार देणारी शेवाळ गुंडाळलेली काठी, रोवायची असल्यास कुंडी जड आणि रुंद बुडाची हवी, नाहीतर पाने मोठी झाल्यावर ती कलंडते.