मागं जाणारी मिनिटं

"आण्णा, हे घड्याळ उलटं चालतंय बघा."

खडेबाजारात काउंटरमागं बसून तीस वर्षं झाली. घड्याळ पुढं जातं, मागं पडतं, बंद पडतं. पण मामांची तक्रार वेगळीच होती. "पाच, सहा, सात झालं की परत सहा, परत पाच. मग एकदम दहा." जुलैच्या धो धो पावसात निपाणीहून आलेले, साठीचे गृहस्थ. मी मनात म्हटलं, मामांना दिसण्यात घोळ होत असेल.

रुमालातून घड्याळ निघालं तसा मी सावरून बसलो. स्टीलची जाड केस, काळपट लाल काच, बाजूला एकच बटण. एलईडीचं, म्हणजे बारीक दिव्यांच्या आकड्यांचं! यात आकडे कायम दिसत नाहीत. बटण दाबलं की सेकंदभर लाल उजेड, मग परत अंधार. दिवे पेटतेच ठेवले तर सेल एका दिवसात झोपतात, म्हणून ही सोय. हॅमिल्टन कंपनीनं 1972 साली असलं पहिलं घड्याळ, पल्सर, विकायला काढलं तेव्हा सोन्याच्या केसमधल्या त्या घड्याळाला 2,100 डॉलर पडत. 1976 ला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं प्लॅस्टिकचं घड्याळ 20 डॉलरला आलं. पाठोपाठ बटण न दाबता आकडे कायम दिसणारी एलसीडी घड्याळं आली आणि लाल आकड्यांचा कारभार आटोपला. मामांच्या वडिलांना हे बोटीवर नोकरी करणाऱ्या गोव्याच्या मित्रानं आणून दिलं होतं. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी.

बटण दाबलं. आकडे मिणमिणले आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर थेट 1:00. म्हणजे मोजणीच पुसली गेली. "दोन दुकानं फिरलो," मामा म्हणाले, "एकानं नवे सेलपण घातले की."

घातले होते, पण एलआर44. पट्टीत मिळतात ते स्वस्त अल्कलाइन. नुसते मोजले तर दोन्ही मिळून 3 व्होल्ट दाखवतात, शंका येत नाही. मी मीटरच्या सुया घड्याळाच्या मशीनवरच टेकवल्या आणि बटण दाबलं, तर काटा 2 च्या खाली. आकड्यांचे दिवे एकदम करंट ओढतात, तिथं चिप उपाशी राहते आणि सगळं विसरते. सेल बदलून अर्धंच काम झालं असतं, कारण सेलखालच्या पत्तीवर हिरवट पांढरा थर होता. कुठल्यातरी जुन्या सेलनं तिथं पाणी सोडलं होतं. शेजारच्या चहावाल्याकडून लिंबाची फोड आणली. अल्कलाइन सेलच्या गळतीला आंबट लागतं. टूथपिकच्या टोकावर रस घेऊन थर फेसाळून निघेपर्यंत घासलं, मग आयपीएनं, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलनं, पुसलं. सिल्व्हर ऑक्साइडचे दोन एसआर44 घातले. आता बटण दाबून 2.9. आकडे डाळिंबाच्या दाण्यासारखे.

मला वाटलं, झालं. मामा हलेनात.

"बसा की पाच मिनिटं," म्हणाले.

चहा आला. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून 11:25 लावले. मिनिटाला एकदा बटण. 11:26. मग 7 आला, पण मोडका, वरची आडवी रेघ आणि खाली लोंबणारा तुकडा. पुढच्या मिनिटाला 11:26. त्याच्या पुढच्या मिनिटाला 11:25! मग 11:30, त्यातलं शून्यही उजवीकडून खाल्लेलं. मी चहाचा कप खाली ठेवला.

सात रेघांचा आकडा असतो. त्यातली वरची उजवी रेघ गेली की 8 चा होतो 6 आणि 9 चा होतो 5. मामांचे डोळे चोख होते, चूक माझी होती. बाकी तीन आकड्यांत तीच रेघ धडधडीत पेटत होती. या घड्याळांत चारी आकड्यांना रेघांच्या तारा सामाईक असतात, चिप एकेक आकडा भराभर पेटवत जाते. चिपनं रेघ सोडली असती तर चारी ठिकाणी सोडली असती. म्हणजे दुखणं शेवटच्या आकड्यातच.

भिंगाखाली पाहिलं. त्या रेघेची तार, केसापेक्षा बारीक, आपल्या जागेवरून उचललेली. कडेला टूथपिकनं हलकं दाबलं की रेघ पेटे, सोडलं की विझे. वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या रंगाचा थेंब ब्रशनं लावून बघता आलं असतं. पण अशाच एका जुन्या कॅल्क्युलेटरवर मी ब्रश फिरवून शेजारच्या दोन तारा उडवल्या होत्या, ते गिऱ्हाईक अजून समोरच्या फुटपाथनं जातं. मामांना सरळ सांगितलं, "जमलं तर एक रेघ येईल, चुकलं तर अख्खा आकडा जाईल. मी हात लावणार नाही."

"वेळ बरोबर आहे नव्हं आत?"

"आत बरोबर. दाखवताना 8 चं 6, 9 चं 5."

मामा क्षणभर गप्प. मग हसायलाच लागले. "म्हणजे हे तेव्हापासूनचं! बाबा घड्याळात पाच बघितले की नऊ झाले म्हणून आमच्या आईला घाई करायचे. स्टँडवर कायम चार मिनिटं आधी उभे."

सेलचे तेवढे पैसे घेतले. लिंबाचे चहावाल्यानं लावून घेतले माझ्या खात्यावर.