वारा आपल्याला कुठे नेऊन टाकेल?

होळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे कोल्हापूरहून निघालो आणि आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, बांदा करत संध्याकाळी उत्तर गोव्यातल्या मांद्र्याला पोहोचलो. पुढचे दहा दिवस काइटसर्फिंगसाठी, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डावरून पाण्यावर धावण्याच्या खेळासाठी, राखून ठेवले होते, पण तिघांची तयारी तीन प्रकारची होती. पत्नीने पतंगाचा बार, म्हणजे तो चालवायची दांडी, कधी हातातही धरला नव्हता. मी मागच्या हंगामात बोर्डावर दहा-वीस सेकंद उभा राहण्यापर्यंत मजल मारली होती. भाचा मात्र लाटेवरून सहज उडी घेतो. तिघांना मिळून एकच किनारा पुरेल, अशा समजुतीने मी मोरजीवर बोट ठेवले, कारण 'मोरजी नवशिक्यांसाठी चांगली' असे जो तो सांगत होता. कोणत्या दिवशी आणि किती वाजता, हे मात्र कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पेडणे तालुक्याच्या या किनाऱ्यावर ते रोज समोर उभे राहतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारा वाहतो, आणि त्यात पतंग उडवणे म्हणजे स्वतःला खोल पाण्याकडे ढकलून देणे होय. दुपारी जमीन तापली की वारा फिरतो, वायव्येकडून येऊ लागतो, तीन ते पाचच्या दरम्यान भरात असतो आणि सूर्य कलला की विझत जातो. किनारा साधारण उत्तर-दक्षिण असल्यामुळे हा वारा तिरका, किनाऱ्याकडे आणि दक्षिणेकडे लोटणारा असतो. शिकणाऱ्याला असाच वारा हवा, कारण हातून चूक झाली तरी तो माणसाला वाळूवर आणून सोडतो, अर्थात दक्षिणेला वाळू असेल तर.

पौर्णिमेच्या दुपारी मोरजीला नेमकी तीच नव्हती. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते. आपल्याकडे दोडामार्गात जिला तिळारी म्हणतात, तीच ही नदी. तीनच्या सुमारास मी पाण्यात उतरलो, दोनदा पडलो, तिसऱ्यांदा पतंग पाण्यात आदळला आणि तो पुन्हा उचलण्याच्या खटपटीत मी वाऱ्याबरोबर बराच दक्षिणेला, नदीच्या मुखाकडे, सरकलो. बारला दोऱ्या गुंडाळत पतंगापर्यंत जायचे आणि त्याला शिडासारखे धरून वाऱ्यावर किनारा गाठायचा, हा सुटकेचा मार्ग मला शिकवलेला होता आणि मी तो केलाही. वारा मला किनाऱ्याकडे ओढत होता, पण पायाखालचे पाणी समुद्राकडे धावत होते. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, हे मी तेव्हा नाकातोंडात पाणी जाऊन शिकलो. शेवटी उलांडीच्या (बाजूला तोलाचे लाकूड बांधलेल्या) होडीतल्या एकाने दोर टाकला. पतंग वाचला, बोर्ड दुसऱ्या दिवशी वाळूच्या पट्ट्यावर सापडला.

रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, जाळी उन्हात पसरून बसलेले एक आजोबा हे सगळे पाहत होते. मी ओला, ओशाळलेला समोर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "आज पुनव न्हय? पाणी सुकतीक लागलां. मुखाकडेन वचूं नाकात." म्हणजे आज पौर्णिमा, ओहोटी लागली आहे, नदीच्या मुखाकडे जाऊ नका. मग त्यांनी जो हिशेब सांगितला तो कोकणातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतो: तिथीला पाऊणने गुणावे, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे बारा ते सहा ओहोटी, तीही उधाणाची, सर्वांत जोरकस. नेमका त्याच वेळी वारा भरात असतो. उलट अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे दुपारभर पाणी नदीत शिरत असते, आणि भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस असल्यामुळे त्याला जोरही कमी असतो. किनारा सोपा की अवघड, याचे उत्तर पंचांगात मिळते, हे मी कोणत्याही माहितीपत्रकात वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जागा निवडण्याची पद्धतच बदलली. पाण्याकडे पाहण्याआधी वारा जिकडे चालला आहे तिकडे, म्हणजे दक्षिणेकडे, पाहायचे आणि तिथे काय आहे ते मोजायचे. या कसोटीवर पत्नीसाठी हरमल उत्तम ठरले. तिथली उतरती वाळू सौम्य आहे, कमरेइतके पाणी बरेच आतपर्यंत मिळते आणि दक्षिणेला मांद्र्यापर्यंत मोकळी पुळण पसरलेली आहे. फक्त उत्तरेचा डोंगराचा कोपरा टाळायचा, कारण कड्यावरून येणारा वारा तुटक होतो. मध्येच शांत, मध्येच झटका. वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने ओढ वाढते, त्यामुळे 12 नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वारा 17 झाला की पतंगाची ओढ दुप्पट होते, आणि नवशिक्याला तेवढा झटका पुरे असतो.

पहिले दोन दिवस प्रशिक्षकाने तिला पाण्यात पायही घालू दिला नाही. कोरड्या वाळूवर छोटा सरावाचा पतंग देऊन तो सांगत राहिला, "वहिनी, बार ओढू नका, सोडा. भीती वाटली की माणूस ओढतो, आणि ओढला की पतंग जास्त खेचतो." बारच्या खालची लाल रंगाची सुटकेची कळ डोळे मिटून दहा वेळा दाबून दाखव, मगच पुढे, असा त्याचा दंडक होता. माझ्या पहिल्या शिक्षणात ही कळ एकदाच दाखवली होती, आणि पौर्णिमेच्या दुपारी वाळू अडकून ती दुसऱ्या दाबाला सुटली होती. तेव्हापासून मी पाण्यात जाण्याआधी ती धुऊन घेतो.

माझ्या पातळीच्या माणसासाठी मांद्रे आणि आश्वे ठीक आहेत. आश्व्याजवळ मात्र पाण्यातून डोके काढणारे खडक आहेत, आणि भरतीत ते झाकले जातात. म्हणून तिथे आधी ओहोटीत पायी फिरून त्यांच्या जागा पाहून ठेवाव्यात. फाल्गुन वद्य अष्टमीला मी पुन्हा मोरजीला गेलो. पाणी नदीत शिरत होते, वारा 14-15 नॉटचा होता आणि मी मुखापासून बरेच उत्तरेला उभा होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा वाऱ्याच्या विरुद्ध थोडा वर सरकू शकलो. टेंबवाड्याच्या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घातलेली जागा कुंपणाने राखलेली असते. तिच्या आसपास पतंग उतरवू नये, दोऱ्या तर मुळीच पसरू नयेत.

भाच्याची दुपार निराळी. तो केरीला गेला आणि परत येऊन म्हणाला, "मामा, तू तिकडे येऊ नकोस." केरीच्या उत्तरेला तेरेखोल नदीचे मुख आणि दक्षिणेला थेट खडकाळ टोक. तिथे पतंग पडला की वारा वाळूवर नव्हे, दगडावर नेतो. ज्याला हवे तेव्हा वाऱ्याविरुद्ध वर चढता येते त्यानेच तिथे जावे. हरमलहून मोरजीपर्यंतची सात-आठ किलोमीटरची वाऱ्याबरोबरची सफर त्याने एका दमात केली, आश्व्याच्या खडकांना बाहेरून वळसा घालून आणि मुखाच्या बरेच आधी बाहेर पडून.

दक्षिण गोव्यात एक दिवस गेला. पाळोळेला दोन्ही बाजूंच्या टेकड्यांनी वारा अडवलेला होता. कोलव्याची सरळ पुळण पतंगाला योग्य आहे, पण 22-24 मीटरच्या दोऱ्या आणि आंघोळीला आलेली माणसे यांचा मेळ बसत नाही. गर्दीपासून दूर गेल्याशिवाय तिथे पतंग उचलूही नये.

दहाव्या दिवशी मांद्र्याला मी पतंगात हवा भरत होतो. पत्नीने मूठभर सुकी वाळू हवेत सोडली, ती उडाली त्या दिशेला पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "इथे नको. तिकडे रापणीचा दोर पाण्यात आहे. दोनशे पावले दक्षिणेला चला." मी अर्धवट फुगलेला पतंग उचलला आणि तिच्या मागून चालू लागलो.