विष्णूचं नाव त्याच्या हातांत वाचा

संध्येत आचमन करताना ‘केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः’ म्हणत तीनदा पाणी पितात आणि ‘गोविंदाय नमः’ म्हणून चौथ्यांदा सोडतात. पुढे श्रीकृष्णापर्यंत नावं होतात चोवीस. या चोवीसही नावांच्या मूर्ती असतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. उभी चतुर्भुज मूर्ती दिसली की सरसकट ‘बालाजी’ म्हणून हात जोडले जातात आणि देवाचं खरं नाव तसंच राहून जातं.

शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं चार हातांत चोवीस प्रकारे देता येतात (४×३×२×१), म्हणून रूपं चोवीस. चेहरा, मुकुट, उभं राहणं सगळं सारखंच, फरक फक्त आयुधांच्या क्रमात. त्यामुळे या मालिकेतला वामन सहसा ठेंगू नसतो.

वाचायचं प्रदक्षिणेच्या क्रमाने: मूर्तीचा खालचा उजवा हात, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. मूर्तीचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो. निम्म्या चुका इथेच होतात. फोटोवरून ओळखत असाल तर तो उलटा छापलेला नाही ना, हे आधी पाहा.

या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आली तर तो केशव. शंख आणि गदेची अदलाबदल झाली की त्रिविक्रम. केशवाच्या फक्त डाव्या हातांतली आयुधं बदलली की दामोदर. ग्रंथांमध्ये काही रूपांच्या क्रमाबद्दल मतभेद आहेत, तेव्हा कोणत्या ग्रंथावरून नाव ठरवलं ते टिपून ठेवावं.

पद्म सर्वांत जास्त फसवतं. खालचा उजवा हात वरदमुद्रेत (वर देताना तळवा समोर धरलेला) असला की कमळ तळव्यावर नुसतं कोरलेलं असतं, तेही झिजलेलं. शिवाय बोटांत जपमाळ असली तर नजर तिच्यावरच जाते. मिटलेली कळी आणि झिजलेला शंख तर सारखेच दिसतात. अशा वेळी शंखाचे वेढे शोधावेत, बाजूने उजेड टाकला की ते उठून दिसतात. एक हात तुटला असेल तर काही बिघडत नाही, उरलेल्या तिघांवरून चौथं आयुध कळतं. दोन तुटले तर दोन नावं शक्य राहतात: उजवीकडे पद्म-शंख शाबूत आणि डावे हात गेलेले, म्हणजे केशव किंवा दामोदर. तिथे एकच नाव ठोकून देऊ नये.

आयुधांचा अर्थ विष्णुपुराणाने पहिल्या अंशाच्या बाविसाव्या अध्यायात दिला आहे. गदा म्हणजे बुद्धी, चक्र म्हणजे वाऱ्यालाही मागे टाकणारं चंचल मन, शंख म्हणजे पंचमहाभूतांना जन्म देणारा अहंकार. मला यातलं चक्र फार मोलाचं वाटतं. मन इथे शत्रू नाही, देवाच्या हातातलं शस्त्र आहे.

पहिली बारा नावं महिन्यांचीही आहेत. मार्गशीर्षाचा केशव, पौषाचा नारायण, असं करत कार्तिकाचा दामोदर. कार्तिकस्नानाच्या वेळी राधा-दामोदराचं नाव घेतात ते याच नात्याने. अधिक महिन्याला यादीतलं सतरावं नाव मिळालं, पुरुषोत्तम.