आमची वाटचाल : फोकस जुळवण्यापासून लेन्स पारखण्यापर्यंत

आमची संस्था आज फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांच्या लेन्स तपासून त्यांचे लेखी मूल्यमापन करून देते. मात्र सुरुवातीला आमचे मुख्य काम होते डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांचा, फोकस जुळवून देण्याचे. त्या कॅमेऱ्यांत फोकस मोजणारा सेन्सर आरशाच्या खाली असे आणि चित्र टिपणारा आरशाच्या मागे, त्यामुळे प्रकाशाच्या या दोन वाटांच्या लांबीत जरासा फरक पडला तरी डोळ्यांवर साधलेला फोकस कानांवर जाऊन बसे. तो फरक शोधून प्रत्येक लेन्ससाठी कॅमेऱ्यात सुधारणा नोंदवून देणे, यावर आमचे बरे चालले होते.

२०१३ मध्ये सोनीने ए७ आणि ए७आर हे कॅमेरे आणले, २०१८ मध्ये निकॉनचे झेड आणि कॅननचे आर कॅमेरे आले, आणि त्याच वर्षी लायका, पॅनासॉनिक व सिग्मा यांनी एल-माउंट या सामाईक माउंटसाठी (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती कडी) हातमिळवणी केली. मिररलेसमध्ये फोकस चित्राच्याच सेन्सरवर मोजला जात असल्याने आमच्या जुन्या कामाचे कारणच उरले नाही. गिऱ्हाइके मात्र येतच राहिली, फक्त त्यांची तक्रार बदलली : फोकस अचूक आहे, मग उजवा कोपरा मऊ का दिसतो? ६१ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एकेक पिक्सेल जेमतेम ३.७६ मायक्रॉनचा असतो; जुन्या सेन्सरवर सहज लपून जाणारे लेन्सचे दोष त्यावर उघडे पडतात. एखादे भिंग अक्षापासून किंचित सरकलेले किंवा तिरके बसलेले असले की चित्राची एक बाजू ढिली पडते आणि दुसरी ठीक राहते. ‘कोणती लेन्स चांगली’ या प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ आहेत. आम्ही ‘हातातला हा नग कसा आहे’ एवढाच प्रश्न आमचा मानला, आणि धंदा त्याभोवती नव्याने उभा केला.

नग तपासताना सर्वाधिक वेळ तपासणीच्या मांडणीत जातो. ज्याचे चित्र घ्यायचे तो बारीक रेषांचा तक्ता आणि सेन्सर समांतर नसतील तर निर्दोष लेन्सही सदोष ठरते, म्हणून आम्ही तक्त्याच्या मध्यावर त्याला सपाट चिकटेल असा छोटा आरसा लावतो आणि त्यात लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसेपर्यंत ट्रायपॉड हलवत राहतो. मग बॉडीतील (कॅमेऱ्यातील) हादरे सावरणारे स्थिरीकरण बंद करून पूर्ण उघड्या ॲपर्चरवर (लेन्समधील प्रकाशाच्या छिद्रावर) आधी मध्यावर आणि नंतर चारही कोपऱ्यांवर स्वतंत्र फोकस साधून चित्रे घेतो. कोपऱ्यावर फोकस केल्यावर तो स्पष्ट होत असेल, तर दोष शार्पनेसचा नसून फोकसचे प्रतल वक्र असल्याचा असतो. भूदृश्ये टिपणाऱ्याला याचा त्रास होईल, व्यक्तिचित्रे काढणाऱ्याच्या ते ध्यानातही येणार नाही. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती त्या लेन्सच्या आराखड्याची मर्यादा, आणि एकच मऊ असेल तर शंका नगावर. शंका आली की कॅमेरा उलटा बसवून पुन्हा चित्र घेतो : मऊपणा कॅमेऱ्याच्या त्याच कोपऱ्याबरोबर फिरला तर दोष लेन्समध्ये किंवा माउंटमध्ये आहे, आणि तक्त्याच्या त्याच बाजूला राहिला तर आमची मांडणी चुकली आहे. दुसरी बॉडी लावून पाहिल्याशिवाय लेन्सवर ठपका ठेवायचा नाही, हा आमच्याकडचा नियम आहे.

अनेक गिऱ्हाइके उत्पादकाचे एमटीएफ आलेख, म्हणजे लेन्स मध्यापासून कडेपर्यंत किती कॉन्ट्रास्ट आणि तपशील टिकवते हे दाखवणारे आलेख, घेऊन येतात. हे आलेख उपयोगी आहेत, पण त्यांतील बरेचसे आराखड्यावरून गणिताने काढलेले असतात. सिग्मासारखी कंपनी विवर्तन (छिद्राच्या कडेवरून प्रकाश पसरणे) धरून आणि न धरता असे दोन्ही आलेख देते. मिलिमीटरला १० रेषाजोड्यांची (काळ्या-पांढऱ्या रेषांच्या जोड्यांची) वक्ररेषा कॉन्ट्रास्ट सांगते, ३० ची बारीक तपशील सांगते. परंतु जुळणीच्या वेळी किंवा प्रवासात त्या विशिष्ट नगाचे काय झाले, हे कोणताही आलेख सांगू शकत नाही.

आमच्या कामात सर्वाधिक वाद झाला तो सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीवरून. मिररलेस माउंट सेन्सरच्या अगदी जवळ असतो : निकॉन झेडमध्ये १६ मिलिमीटर, सोनी ई मध्ये १८, कॅनन आरएफ आणि एल-माउंटमध्ये २०, तर डीएसएलआरच्या कॅनन ईएफमध्ये हेच अंतर ४४ होते. या जवळिकीने आराखडा करणाऱ्यांना मोकळीक मिळाली, आणि आकार व वजन आटोक्यात ठेवण्यासाठी वाकलेल्या रेषा आणि काळवंडलेले कोपरे यांची दुरुस्ती कॅमेऱ्यावर सोपवण्याचा प्रघातही पडला. कॅननच्या आरएफ २४-२४० या झूम लेन्सची २४ मिलिमीटरवरची मूळ रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) दुरुस्तीविना उघडली तर कोपरे काळेच दिसतात. काही जण याला फसवणूक म्हणतात; आम्हाला तसे वाटत नाही, कारण गिऱ्हाईक वापरणार आहे ते दुरुस्त झालेलेच चित्र. मात्र त्या दुरुस्तीची किंमत अहवालात लिहिलीच पाहिजे, असा आमचा आग्रह असतो. कोपरे दोन स्टॉपने (म्हणजे चौपट) उजळले तर ३२०० आयएसओवर (प्रकाशाच्या संवेदनशीलतेच्या आकड्यावर) काढलेल्या चित्राच्या कोपऱ्यात साधारण १२८०० चा खरखरीतपणा येतो, आणि रात्रीचे आकाश टिपणाऱ्याने हे विकत घेण्याआधीच जाणून घ्यावे.

जुन्या लेन्स ॲडॅप्टरवर (दुसऱ्या माउंटची लेन्स बसवणाऱ्या जोडकड्यावर) लावणारे गिऱ्हाईक आले, तर आम्ही ॲडॅप्टरही मागून घेतो. तो किंचित तिरका असला तरी एक बाजू ढिली पडते, आणि दोष निष्कारण लेन्सच्या माथी येतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी (वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस जुळवायच्या, आरसा नसलेल्या फिल्म कॅमेऱ्यांसाठी) बनलेल्या जुन्या वाइड लेन्सची गोष्ट निराळी : त्यांचे किरण कोपऱ्यात फार तिरके येतात आणि सेन्सरवरच्या काचेच्या थरामुळे कोपरे फिसकटतात, नग कितीही उत्तम असो. व्हिडिओवाल्यांसाठी फोकस फिरवताना चौकट लहानमोठी होते का, एवढे वेगळे पाहावे लागते. बोकेबद्दल, म्हणजे फोकसबाहेरच्या भागाच्या धूसरपणाबद्दल, आम्ही मत देत नाही. त्यातील प्रकाशाच्या ठिपक्यांत कांद्यासारखी वलये किंवा कडेला मांजराच्या डोळ्याचा आकार दिसला, तर नुसता नमुना जोडतो.

अहवालात दहापैकी गुण द्यावेत, अशी मागणी सतत होत असते. ती आम्ही मान्य केलेली नाही, आणि त्यापायी काही कामे दुसरीकडे गेली. झूम लेन्सच्या बाबतीत तर एकच आकडा दिशाभूलच करील : २४-७० मिलिमीटरचा एखादा नग २४ वर उजवीकडे कमजोर आणि ७० वर डावीकडे कमजोर असू शकतो, कारण झूम फिरवताना आतले भिंगांचे गट जागा बदलतात. चारही कोपऱ्यांत आणि सगळ्या फोकल लेन्थवर (२४, ७० अशा मिलिमीटरच्या आकड्यांवर) सारखाच नेटका असा झूमचा नग क्वचितच हाती लागतो. म्हणून लेन्स तपासायला घेतानाच गिऱ्हाइकाला त्याची नेहमीची फोकल लेन्थ आणि ॲपर्चर विचारून घेतो, आणि नग ठेवावा की परत करावा याचा सल्ला त्या दोन गोष्टींवरच देतो.