काढणार किती वाजता?

"बोट घालताय ते दिसतंय, पण काढणार किती वाजता?" आज पहाटे अमेरिकेत टिलामूक बेच्या मेमलूस रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, एका गोऱ्या आजोबांनी एवढंच विचारलं. स्वतःची बोट ट्रेलरवरच, हातात कॉफी, भरती-ओहोटीचं छोटं पुस्तक रबरबँड लावून खिशात. घाई शून्य.

मित्र म्हणाला, उजाडताना मासा लागतो ना? लागतो की. पण ओरेगनची ही खाडी म्हणजे ओहोटीला नुसता चिखल, जाताना पाणी भरपूर आणि परत येईपर्यंत रॅम्पसमोर गुडघाभर, मग बसा भरतीची वाट बघत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात चिनूक सामन इथे समुद्रातून आत शिरतो, पुढे ट्रास्क, विल्सन अशा नद्यांत चढायला. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो पाण्याबरोबर खाडीत वरपर्यंत येतो, तेव्हा मेमलूस बरं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत भरतीचा जोर कमी, मग खाडीच्या मुखाजवळ गॅरिबाल्डीला बोट घालायची. तिथे पाणी खोल, पण ओहोटी जोरात असताना मुखापाशी लाटा अशा उभ्या राहतात की तिकडे फिरकूच नये. हे सगळं कोकणातल्या कुठल्याही होडीवाल्याला सांगावं लागणार नाही, आम्ही शहरातले मात्र हवामानाचं ॲप बघून निघतो.

तो प्रश्न दिवसभर डोक्यात आहे. आपण सगळं सुरुवातीच्या वेळेवर ठरवतो, सुट्टी, गजर, गाडी. आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तिला शनिवार-रविवार माहीतच नाही.

आता मॅनेजरला काय सांगू, उधाण आहे म्हणून मंगळवारी रजा हवी?