उरलंसुरलं

"दिवसभरात काय काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी गप्प बसले.

थोरलीने आज डब्यातलं किती टाकलं, धाकट्याला वरणात मोहरी दिसली की तो ताट कसं सरकवतो, सासूबाईंच्या खिचडीला किती शिट्ट्या लागतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. स्वतःचं मात्र काही केल्या आठवेना. "पोळी-भाजी, वरण-भात, आपलं नेहमीचंच," असं काहीतरी पुटपुटले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तीन दिवस लिहून आणा. चमचाभर खाल्लं तरी लिहायचं."

वही शोधली. धाकट्याची मागच्या वर्षीची, अर्धी कोरी. तीसुद्धा उरलेलीच, हे फार नंतर लक्षात आलं.

पहिल्या दिवसाचं पान असं होतं: पहाटे उभ्याने चहा. साडेसातला पुन्हा चहा, दोन मारी बिस्किटं, तीही उभ्यानेच. दहाला ऑफिसात चहा. दुपारी डबा, दीड पोळी, भाजी तिघांच्या डब्यांत संपली म्हणून लोणचं. चारला चहा, कुणाच्या तरी वाढदिवसाचे वेफर्स आणि पेढा. साडेसहाला धाकट्याच्या डब्यातली अर्धी पोळी आणि चार भेंड्या, डबा घासायला टाकण्यापूर्वी. रात्री कालचं वरण, कारण टाकवेना. भाताची खरवड. थोरलीच्या ताटातला पापडाचा तुकडा.

बाईंनी तीनही पानं शांतपणे वाचली आणि पेन खाली ठेवलं. "ह्यात तुमच्यासाठी म्हणून केलेलं काय आहे?"

चहा, मी मनात म्हटलं. तो तरी माझा होता.

तर तोच निघाला मुख्य आरोपी. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.८ होतं. बायकांचं १२ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. लोहाच्या गोळ्या माझ्याकडे आधीपासून होत्या, दुसऱ्या बाळंतपणानंतर अधूनमधून घ्यायची सवय होती. कशाबरोबर? तर सकाळच्या चहाबरोबर, म्हणजे आठवणीने घेतली जाते. चहातली टॅनिनं ते लोह पोटात धरून ठेवतात, अंगाला लागूच देत नाहीत. इतकी वर्षं मी गोळी गिळत होते आणि वरून चहाने तिला परत पाठवत होते! आता गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा तासाभराने. कॅल्शियमची गोळी पुन्हा वेगळ्या वेळी, कारण तिचं आणि लोहाचं पटत नाही. आमच्या फ्रीजच्या दारावर आता पंचवटी एक्स्प्रेसला लाजवेल असं वेळापत्रक लावलंय.

बी-ट्वेल्व्हची कथा मला जास्त लागली. आमच्या घरात अंडंसुद्धा शिरत नाही. हे जीवनसत्त्व जंतू तयार करतात, भाजीपाल्यात ते मिळत नाही, शाकाहारी माणसाला दूध-दह्याचाच काय तो आधार. "पण दूध-दही तर घरात भरपूर असतं," मी म्हटलं आणि म्हणता म्हणता थांबले. दूध मुलांना. साय तुपाला. दही कढीला, आणि उरलेलं नवऱ्याला भाताबरोबर. माझ्या वाट्याला ताक, तेही पातेलं विसळून घेतलेलं. आता रोज रात्री एक वाटी दही माझ्या नावाने विरजलं जातं. पहिल्या दिवशी ती वाटी फ्रीजमध्ये बघून धाकट्याने विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, "माझं." त्याला ते नीट कळलं नसावं. तो तसाच दार उघडं ठेवून उभा राहिला.

ड जीवनसत्त्व तर ११ वर होतं. साधारण २० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. उपाय म्हणजे साठ हजार युनिटची पुडी, आठवड्यातून एक, आठ आठवडे. ती दुधातून घ्यायची, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळतं. सासूबाईंनी पुडीवरचा आकडा वाचला आणि घाबरल्या. "साठ हजार? अगं, एवढं एकदम पोटात?" त्यांचा भरवसा कोवळ्या उन्हावर. लहान बाळांना सकाळी अंगणात पाय उघडे टाकून निजवायचं, ते ऊन. पण ड जीवनसत्त्व करणारे किरण त्या कोवळ्या उन्हात फारसे नसतात, ते दुपारच्या आसपास येतात. आणि खिडकीची काच मिटलेली असली तर ते आत शिरतही नाहीत. म्हणजे सातपूरच्या आमच्या ऑफिसात खिडकीशेजारची जागा मिळावी म्हणून मी सहा वर्षं जी वाट पाहिली, तिचा हाडांना काही उपयोग नव्हता.

मग एप्रिलच्या रविवारी सासूबाईंचे नागलीचे पापड राखायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. साडेअकराची वेळ. गच्चीवर जुनी साडी अंथरलेली, तिच्यावर पापडांच्या रांगा, आणि त्यांच्या शेजारी बाह्या दुमडून, पाय पसरून मी. पंधरावीस मिनिटंच, त्याहून जास्त नाशिकच्या उन्हातही सोसवत नाही. पलीकडच्या गच्चीवरून काकूंनी हाक मारली, "काय वाळत घातलंय गं?"

"मलाच," मी म्हटलं.

नागली आमच्या घरात नवी नाही. बाकीचा महाराष्ट्र हिला नाचणी म्हणतो, आमच्याकडे नागलीच. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मिळते, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारावर पिकलेली. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदूळ-गहू ह्या बाबतीत तिच्या जवळपासही फिरकत नाहीत. पण घरात ती पापडापुरती आणि तान्ह्या बाळांच्या सत्त्वापुरतीच येत होती. मी भाकरी करायला घेतली. ज्वारीवर हात बसलेला असला तरी नागली ऐकत नाही. पाणी कडकडीत उकळून त्यात पीठ वैरायचं, झाकून ठेवायचं, मग हात भाजत मळायचं. एवढं करूनही पहिल्या तीन भाकऱ्यांचे नकाशे झाले. सासूबाई ओट्याशी आल्या, परातीतला गोळा ओढून घेतला आणि तळहातावर पाणी लावून एक भाकरी थापली. काळसर, गोल, चंद्रासारखी. तव्यावर टाकताना म्हणाल्या, "माझी आई दुष्काळात करायची. तेव्हा लाज वाटायची शेजारी कुणी आलं की." पुढे काही बोलल्या नाहीत. भाकरी मात्र टम्म फुगली.

मिसळ सोडली का, असं बरेच जण विचारतात. नाशकात राहून? मोड आलेली मटकी आहे ती, कडधान्य आहे. तर्री दुसऱ्यांदा मागत नाही, एवढं पुष्कळ झालं.

व्यायामाचं मी जरा भरभर उरकते, कारण त्यात शौर्य काही नाही. आधी एका जिमची वर्षाची फी भरली आणि अकरा दिवस गेले. मग गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला लागले. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं. सासूबाईंचं म्हणणं, "तुझ्या पायाला दिवसभर भिंगरी असते, आणखी चालायचं कशाला?" प्रश्न अगदी बिनतोड होता. तोच मी डॉक्टरीणबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये, तो वेग खरा. असं आठवड्याला दीडशे मिनिटं. गॅस, फ्रीज, बेसिन, पुन्हा गॅस ह्या फेऱ्यांत मी चक्क गाणी म्हणते, म्हणजे ते धरायचं नाही. जानेवारीत पहाटे साडेपाचला त्या ट्रॅकवर स्वेटर, मफलर, त्यावर शाल घेतलेल्या माझ्यासारख्या पुष्कळ बायका असतात. बोलता येतंय की नाही ही परीक्षा सगळ्याजणी रोज पहिल्या श्रेणीत पास होतात.

ह्या सगळ्याला सुरुवात खरी पांडवलेण्यांवर झाली. गेल्या पावसाळ्यात थोरलीचा शाळेचा प्रकल्प होता म्हणून गेलो, तर निम्म्या पायऱ्यांवर मला दम लागला. डोळ्यांपुढे काजवे. पोरं वर पोचली, मी मधल्याच एका कठड्यावर बसून राहिले, आणि चणे विकणाऱ्या आजींनी न विचारता पाणी दिलं. त्या माझ्या दुपटीच्या वयाच्या असतील, दिवसातून किती वेळा चढत-उतरत असतील कोण जाणे. दुसऱ्याच आठवड्यात मी दवाखान्याची वेळ घेतली.

ह्या जुलैत पुन्हा गेलो. न थांबता चढले असं म्हणणार नाही. दोनदा थांबले, पण दोन्ही वेळा खालचं हिरवं बघायला. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात थोरलीने मोठ्या शिलालेखाचा अर्थ मोबाइलवर काढून वाचून दाखवला. गौतमीपुत्र सातकर्णीची आई, गौतमी बलश्री, तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं. लेखात मुलाचं कौतुक भरभरून, शक-यवन-पल्हवांना त्याने कसं संपवलं वगैरे. आणि खुद्द बलश्रीबद्दल? सत्य बोलणारी, दानी, क्षमाशील, आणि तप, दम, नियम, उपवास ह्यांत रमलेली.

"उपवास," थोरली म्हणाली. "आई, तेव्हापण!"

एकोणीसशे वर्षांपूर्वीचा दगड. मुलाच्या वाट्याला पराक्रम आणि आईच्या वाट्याला उपवास. माझ्या स्वतःच्या चतुर्थ्या डोळ्यांसमोर आल्या. दोन्ही पक्षांतल्या धरायचे. त्या दिवशी चहा आणि साबुदाण्याची खिचडी, तीही सगळ्यांना वाढून झाल्यावर कढईच्या कडेला चिकटलेली. उपास सोडला नाही, सासूबाईंशी तेवढं भांडण परवडत नाही. पण आता भगर आणि दाण्याची आमटी बसून खाते. पाटावर नाही, खुर्चीवर, पण बसून.

मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ११.६ आलं. अजून बारा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाललंय बरं." मला उगाच दहावीच्या प्रगतिपुस्तकाची आठवण झाली.

सगळ्यात अवघड काय गेलं, तर डबे. संध्याकाळी सिंकपाशी उभं राहून डबा उघडायचा आणि आतलं उरलेलं तोंडात न टाकता तसंच ठेवायचं. हात आपोआप जातो. पहिले काही दिवस मी अक्षरशः डावा हात कमरेला लावून उभी राहायचे. अन्न टाकायचं नाही हे तर हाडीमाशी मुरलेलं, आणि ते चूक आहे असं मला आजही वाटत नाही. मग सकाळी कणीकच मुठभर कमी भिजवायला लागले. तरी अर्धी पोळी येतेच परत, ती फाटकाशी बसणाऱ्या मोत्याला घालते.

त्याला हल्ली फार सुख झालंय. परवा पहाटे ट्रॅकवर न्यावा म्हणून हाक मारली, तर कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंत आला, धापा टाकत खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.