वाफा भरलेला, बी मात्र नाही

कुमाऊंमधल्या एका बागेतून निरोप आला: प्राइम्युला डेंटिक्युलाटा दर वसंतात भरभरून फुलते, पण बी धरत नाही. डोंगरी फुलझाडांच्या लागवडीचं काम करते, त्यामुळे रोग, कीड, सडलेली मुळं हे नेहमीचंच. इथे तसलं काहीच नव्हतं.

हिमालयात ही वनस्पती साधारण १५०० ते ४५०० मीटर उंचीवर, ओलसर कुरणांत उगवते. बर्फ वितळलं की जमिनीलगतच्या पानांमधून जाड देठ वर येतो आणि टोकाला जांभळ्या फुलांचा गच्च गोल गुच्छ फुलतो. बागेतले सगळे गुच्छ एकाच छटेचे होते. पानं निरोगी, माती ओली तरी निचऱ्याची, मधमाश्याही फिरत होत्या. व्यवस्थापकांनी तरीही खत वाढवलं होतं आणि बुरशीनाशक मारून घेतलं होतं. धडधाकट झाडावर कारण न शोधता औषध मारलेलं मला बघवत नाही.

मी माळीकाकांना विचारलं, "रोपं आणली कुठून?"

"एकच आणलं होतं, मॅडम. रंग सगळ्यांना आवडला, म्हणून थंडीत त्याच्याच मुळांचे तुकडे लावत गेलो. सगळे जगले."

तिथेच शंका आली. एक फूल तोडलं, ब्लेडनं त्याची नळी उभी चिरली आणि भिंगाखाली धरली. कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मधली मादी दांडी, लांब, थेट नळीच्या तोंडापर्यंत आलेला, टोकाला पराग झेलणारी, टाचणीच्या डोक्यासारखी हिरवट कुक्षी. पराग तयार करणारे पाचही परागकोश मात्र खाली, नळीच्या मध्यावर चिकटलेले. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाचं फूल चिरलं, तेही तसंच. जिथून घ्यावं तिथलं फूल तसंच.

काकांना घेऊन बागेमागच्या उतारावर गेले. तिथे रानातली प्राइम्युला फुलली होती. पहिल्याच फुलात उलटा प्रकार: परागकोश वर तोंडाशी, कुक्षी खाली अर्ध्यावर. शेजारच्या रोपाचं फूल पुन्हा लांब कुक्षीवृंताचं. काका दोन्ही फुलं तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. इतकी वर्षं हाताखालून गेलेल्या फुलांत दोन जाती निघतील असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. जात एकच, रूपं दोन, असं मी सांगितलं.

एका रूपाचे परागकोश ज्या उंचीवर, त्याच उंचीवर दुसऱ्या रूपाची कुक्षी. मधमाशीच्या सोंडेला जिथे पराग लागतात, तिथूनच ते समोरच्या रूपाच्या कुक्षीवर पोचतात. आपल्याच रूपाचे पराग पडले तर बहुधा बी धरत नाही. झाड ते स्वीकारतच नाही. चार्ल्स डार्विननं प्राइम्युलातल्या या दोन रूपांवरचा निबंध १८६१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचला होता. शास्त्रीय आयुष्यात या फुलांच्या रचनेचा अर्थ उलगडण्याइतकं समाधान दुसऱ्या कशानं दिलं नाही, असं त्यानं पुढे लिहिलं. त्या उतारावर मला ते मनापासून पटलं.

म्हणजे बागेत शेकडो फुलं असली, तरी परागीकरणाच्या हिशेबात रोप एकच होतं.

रोपं उपटायची नाहीत, हे मी आधीच बजावलं. आखूड कुक्षीवृंताची थोडी फुलं तेवढी खाली आणली आणि चिमट्यानं त्यांचे परागकोश वाफ्यातल्या काही गुच्छांच्या कुक्षींवर टेकवले. त्या देठांना लाल दोरा. काही गुच्छांना वाफ्यातलेच पराग लावून पांढरा दोरा. ही कल्पना काकांची, आणि ती अगदी नेमकी होती. सगळ्यांवर बारीक जाळीच्या पिशव्या बांधल्या.

काही आठवड्यांनी त्यांनी फोटो पाठवले. लाल दोऱ्याचे गुच्छ फुगीर बोंडांनी भरले होते, पांढऱ्या दोऱ्याचे वाळून गेले होते. बी बारीक असतं आणि रुजायला उजेड लागतो, म्हणून मातीत गाडू नका, नुसतं वर पसरा, असं कळवलं.

पुढे व्यवस्थापकांचा फोन आला. बियांपासूनच्या रोपांत कुठे फिकट जांभळा, कुठे पांढुरका असा रंग निघाला, तर नकोसे रंग काढून टाकायचे का? मी स्पष्ट नाही म्हटलं. या रोपांत दोन्ही रूपं साधारण निम्मी-निम्मी निघतात, आणि फूल चिरून पाहिल्याशिवाय एकही रोप काढू नका, असं सांगितलं. ते काम काकांनी स्वतःकडे घेतलं आहे. माझं जुनं भिंग मी त्यांना पाठवून दिलं.